तीस चित्रं आणि एक सही

माकणीच्या राजपालची थोरली पोरगी वृषाली. अंगानं काटकुळी, बोलायला तुटक, आणि एकदा मान नाही म्हणून हलली की ती उलटी हलवायला दुसरा जन्म घ्यावा लागावा अशी. बाप धरणावर पाणी मोजायला होता. सकाळी पट्टीवरचा आकडा बघायचा, वहीत लिहायचा, आणि घरी आल्यावर बायकोलाही सांगायचा, जणू सुमनबाईला ते सगळं पाणी घागरीनं भरायचं होतं. पोरगी बापावर गेली. तिला आकडा कमी सांगितलेला चालायचा नाही, जास्त सांगितलेला तर त्याहून चालायचा नाही.

ती शिकली, एमएस्सी झाली, आणि धाराशिवला एका कॉलेजात यंत्र चालवायला लागली. नोकरी कंत्राटी. अकरा महिन्यांची ऑर्डर, ती संपली की पुन्हा अकरा महिन्यांची. अशी सहा वर्षं काढली. वय चौतीस झालं, लग्न केलं नव्हतं. सुमनबाई म्हणायची, "एवढं बारीक बारीक बघतीस म्हणं त्या मशिनीत. मग साडेपाच फुटाचा नवरा कसा काय दिसंना तुला?"

यंत्र मात्र खरंच बघण्यासारखं. एएफएम म्हणतात त्याला. त्यात एक सुई असते, केसाच्या टोकाहून लई बारीक. डोळ्यानं न दिसणारी वस्तू ती सुई चाचपते. रानात पेरणीची तिफण चालते ना, तशी चालते. एक तास मारलं, म्हणजे एक ओळ, शेजारी दुसरं तास, मग तिसरं. कुठं उंचवटा लागला, कुठं खळगा, ते सगळं टिपत जाते, आणि एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत रान संपलं की पडद्यावर चित्र तयार. एका चित्राला बारा मिनिटं लागायची.

आता समजा तिफण सरळ चाललीय, पण खालचं रानच हळूहळू सरकतंय. मग काय होईल? पेरणाऱ्याला वाटंल आपण चौकोनी वावर पेरलं, आणि पेरलं असंल तिरकं. त्या यंत्रात तेच होतं. खोली थंड झाली, गरम झाली, की आतला लोखंडाचा भाग आकसतो, फुगतो, आणि सुईखालचा नमुना सरकतो. किती? बारा मिनिटांत केसाच्या पाचशेव्या हिश्श्याएवढा. पण बघायची वस्तूच त्याहून लहान असली तर तेवढं सरकणं म्हणजे गाव सरकल्यासारखं. ह्याला ते ड्रिफ्ट म्हणतात. गोल दाणा लांबुळका दिसतो, सरळ रेघ कलती दिसते. यंत्र खोटं बोलत नाही, पण खरंही सांगत नाही.

त्याला उपाय आहेत. खोली दोन-अडीच तास आधी थंड करून ठेवायची, यंत्राला निवांत बसू द्यायचं. तरीही सरकलं तर एक चित्र वरून खाली काढायचं, लगेच दुसरं खालून वर. दोन्हीत एकच दाणा धरायचा आणि मधल्या वेळात तो कुठून कुठं गेला ते मोजायचं. मग संगणकात चित्राची एकेक ओळ तेवढीच मागं ढकलायची. वृषालीला हे झोपेतून उठवून विचारलं तरी आलं असतं.

पण खोलीची किल्ली तिच्याकडं नव्हती. ती शामला मॅडमच्या पर्समध्ये असायची.

शामला मॅडम विभागाच्या प्रमुख. तुळजापुरातलं जुनं घर, पिढ्यान् पिढ्या देवळातलं. यंत्र त्यांनीच दिल्लीला खेटे घालून आणलेलं, त्यामुळं त्यावर जीव असा की पोटच्या पोरावर नसावा. त्यांचा नियम एकच. मॅडम आल्याशिवाय खोली उघडायची नाही, आणि एसी तर मुळीच आधी लावायचा नाही, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या बसतात. मॅडम यायच्या मंगळवारी आणि शुक्रवारी, देवीचं दर्शन करून, साडेअकराला. चपला बाहेर काढायच्या, कुलूप उघडायचं, एसी लावायचा, यंत्राला हळदी-कुंकू लावायचं आणि लगेच पहिलं चित्र. म्हणजे दर वेळी खोली तापलेली, दर वेळी एसी नुकताच लागलेला, आणि दर वेळी नमुना एकाच अंगाला सरकणारा.

मॅडमचा भाचा शंतनू तिथंच, मॅडमच्याच मार्गदर्शनाखाली, पीएचडी करत होता. सत्तावीस वर्षांचा, गोरापान, वृषालीला तू म्हणायचा आणि तिच्याकडून सर म्हणवून घ्यायचा. करडईच्या पाल्याच्या रसात त्यानं चांदीचे बारीक दाणे तयार केले होते. असे दाणे दुनियेत ढीगभर लोक करतात, ते गोल येतात. ह्याचे आले लांबुळके आणि सगळेच्या सगळे एका अंगाला कललेले, वाऱ्यात ज्वारी कलावी तसे. तीन वर्षांत तीस चित्रं काढली, तिसाच्या तिसांत कललेले. शंतनूनं त्यावरच अख्खा प्रबंध उभा केला. करडईच्या रसात असं काहीतरी आहे की चांदी वाढतानाच कलते, हा त्याचा शोध.

वृषाली पहिल्या चित्रापासून सांगत होती, ते ड्रिफ्ट आहे म्हणून. शंतनूचं उत्तर ठरलेलं. "ड्रिफ्ट एखाद्या वेळी येईल. दर वेळी तसंच येतंय म्हणजे ते खरंच तसं आहे."

आणि आता प्रबंध जमा करायची वेळ आली. त्यात प्रत्येक चित्राखाली दोन ओळी छापलेल्या असायच्या: यंत्र स्थिर होतं, चित्र दिसलं तसं दिलं. आणि त्याखाली यंत्र चालवणाऱ्याची सही. तीस चित्रं, तीस सह्या. वृषालीची ऑर्डर फेब्रुवारीत संपत होती, आणि पुढची ऑर्डर काढायची शिफारस शामला मॅडमच्या हातात. सही केली तर नोकरी राहणार, नाही केली तर नाही, एवढा सरळ हिशेब होता. तो कुणी बोलून दाखवला नव्हता, कारण तिघांनाही येत होता.

डिसेंबरात एका शुक्रवारी मॅडम मीटिंगला बसल्या आणि किल्ली शंतनूकडं दिली. एसी लावून तो यंत्रापुढं बसला. वृषाली मागं उभी.

"सर, एक करता?"

"काय?"

"नमुना उचला, पाव फेरा फिरवा, परत ठेवा. दाणे खरंच कललेले असतील तर चित्रात ते दुसऱ्या अंगाला कललेले दिसतील. पाटावरची मूर्ती फिरवली की तोंड फिरतं, तसं. आणि ड्रिफ्ट असंल तर दाणे हाय त्याच अंगाला कलतील."

शंतनू हसला. "आणि फिरले तर सह्या करशील?"

"आत्ता करीन. पेन काढून ठेवते."

त्यानं स्वतःच्या हातानं नमुना फिरवला. सुई चालायला लागली. पडद्यावर चित्र ओळीओळीनं वरून उतरू लागलं. पहिला दाणा दिसला तो तिकडंच कललेला, जिकडं तीन वर्षं कलत होता. मग दुसरा, मग दहावा. पाट फिरवला तरी मूर्तीचं तोंड जिथल्या तिथं.

शंतनूनं नमुना अजून पाव फेरा फिरवला. चित्र तेच. तोवर तास होत आला, खोली गार झाली, आणि पुढच्या चित्रात दाण्यांचा कल आपोआपच निम्म्यावर आला. वृषालीनं मग न विचारता एक चित्र वरून खाली काढलं, एक खालून वर, सरक मोजली, ओळी मागं ढकलल्या. पडद्यावर दाणे आले ते गोल. ज्वारीसारखे साधे गोल, दुनियेत सगळ्यांचे असतात तसे.

शंतनू त्या गोल दाण्यांकडं असं बघत बसला, जणू कुणी त्याच्या पानात दगड वाढले.

"तू काय दाबलंस?"

"तुमच्या समोरच हाय की सगळं."

"तू मुद्दाम करतेयस हे. पहिल्यापासून तुझ्या डोळ्यांत खुपतंय माझं काम."

"खुपत असतं तर गप बसले असते सर. प्रबंध बाहेर गेल्यावर कुणी हसलं असतं, ते ऐकायला मजा आली असती मला."

संध्याकाळी चार वाजता मॅडमनी तिला बोलावलं. शंतनू आधीच तिथं होता. मॅडमनी बसायला सांगितलं नाही.

"परवानगीशिवाय यंत्राशी छेडछाड केलीस?"

"नमुना सरांनी फिरवला, मॅडम."

"वर तोंड करून बोलतेस? तुम्हा लोकांना अशा मशीनला हात लावायला मिळतोय, हेच खूप समजा."

वृषालीनं विचारलं, "आम्हा लोकांना म्हणजे कुणाला, मॅडम?"

मॅडम टेबलावरचे कागद सरळ करत राहिल्या. ते आधीपासून सरळच होते. शंतनू खिडकीतून बाहेर बघायला लागला. बाहेर नुसतं सायकल स्टँड होतं.

"मला म्हणायचं होतं, ऑपरेटर लोकांना," मॅडम म्हणाल्या.

"मग ठीक हाय," वृषाली म्हणाली, आणि ठीक नाही हे खोलीतल्या खुर्च्यांनाही कळलं.

दुसऱ्या दिवशी मेमो आला. यंत्राशी छेडछाड, तीन दिवसांत खुलासा करावा. वृषालीनं खुलासा तीन ओळींत केला: "नमुना मी फिरवलेला नाही. शंतनू सरांनी फिरवला आहे. त्यांनी काढलेली चित्रं सोबत जोडली आहेत." कारकुनानं तो वाचला, परत वाचला, आणि मॅडमच्या टेबलावर ठेवून घाईघाईनं पाणी प्यायला गेला.

जमा करायचा शेवटचा दिवस उजाडला. पाच वाजता खिडकी बंद होणार. दुपारी तीन वाजता मॅडमनी तीस चित्रांचा गठ्ठा वृषालीपुढं ठेवला आणि वर पेन.

"फेब्रुवारीत ऑर्डर संपतेय तुझी. माहीत आहे ना?"

"तारीख पण माहीत हाय."

"मग कर."

वृषालीनं स्टूल ओढलं आणि पेन उचललं. मॅडमच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. शंतनूनं मोबाइल काढला. ती मान खाली घालून लिहीत राहिली, एक पान, दुसरं पान. तीस सह्यांना पाच मिनिटं पुरे, हिला अर्धा तास लागला. मॅडम एकदा म्हणाल्याही, "सहीच करतेयस ना, का अभंग लिहितेयस?" वृषालीनं वर बघितलं नाही.

गठ्ठा हातात आला तेव्हा मॅडमनी बघितलं. प्रत्येक पानावर सहीच्या वर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: "एसी लावल्यावर लगेच काढलेलं चित्र. खोली स्थिर नव्हती. ड्रिफ्ट दुरुस्त केलेलं नाही." तिसाच्या तीस पानांवर, आणि अक्षर सगळीकडं सारखं, पट्टीवर मोजून लिहिल्यासारखं.

"खोड हे," मॅडम म्हणाल्या.

"सही पाहिजे होती. केली. जे दिसलं ते वर लिहिलं."

"खोड म्हणते ना."

"सही पण त्याच्यासंगं जाईल मग."

मॅडमनी भिंतीकडं मान वळवली. सव्वा वर्षानं त्या रिटायर होणार, त्याआधी भाच्याच्या नावापुढं डॉक्टर लागलेलं बघायचं, एवढं एकच त्यांनी देवीकडं मागितलेलं. घड्याळात साडेतीन वाजून गेले होते. नवी पानं छापली तरी सही हीच करणार, आणि ही असंच लिहिणार.

शेवटी शंतनूच म्हणाला, "जाऊ दे ना आत्या. एवढं बारीक कोण वाचतंय." कॉलेजात तो त्यांना मॅडम म्हणायचा, त्या दिवशी विसरला.

गठ्ठा तसाच गेला.

वाचणारा होता. बाहेरचे परीक्षक गुरुलिंग सर, अक्कलकोटकडचे, सत्तरीला टेकलेले. त्यांचा चष्मा दुहेरी भिंगाचा. पान हातात घेतलं की आधी खालची ओळ वाचायचे, मग वर चढायचे. जानेवारीत तोंडी परीक्षेला ते आले, शंतनूनं पाऊण तास कलत्या दाण्यांवर भाषण केलं, पडद्यावर चित्रं दाखवली. गुरुलिंग सर शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी एकच विचारलं.

"ह्या चित्रांखाली काय लिहिलंय?"

"ते ऑपरेटरनं गैरसमजातून लिहिलंय, सर."

"तीस वेळा गैरसमज झाला?"

मागं बसलेलं कुणीतरी खोकलं.

"बोलवा त्यांना," सर म्हणाले.

वृषाली आली. सगळा विभाग बसलेला, पहिल्या ओळीत शामला मॅडम, अंगावर ठेवणीतली रेशमी साडी. सरांनी विचारलं तेवढंच तिनं सांगितलं. खोली कधी उघडते, एसी कधी लागतो, नमुना किती सरकतो. मग सर म्हणाले, "फिरवून बघितलं होतं का?"

"व्हय, सर. दोनदा."

"कुणी?"

वृषालीनं शंतनूकडं बघितलं. त्यानं बघितलं नाही. तिला वाटलं असतं तर आपलं नाव सांगून त्याला वाचवता आलं असतं. तसं तिला वाटलं नाही.

"शंतनू सरांनी. स्वतःच्या हातानं. शुक्रवार होता, वेळ सव्वाबारा."

प्रबंध परत आला. सहा महिन्यांत चित्रं नव्यानं काढावीत, खोली स्थिर ठेवून, ड्रिफ्ट दुरुस्त करून, आणि दाणे जसे येतील तसे लिहावेत, असा शेरा. गोल आले तरी रसात चांदी तयार होते एवढं तरी खरं राहतंच, असंही सर म्हणाले. शंतनूला ते सांत्वन वाटलं नाही.

बाहेर व्हरांड्यात मॅडमनी वृषालीला गाठलं. आवाज खाली होता. आजूबाजूला माणसं होती म्हणून खाली होता.

"पोराचं वाटोळं केलंस. बरं वाटलं?"

"वाटोळं कसलं मॅडम, दाणे गोल आलेत नुसते."

"फेब्रुवारीनंतर ह्या दारात दिसू नकोस."

"लिहून द्या तसं."

लिहून काही दिलं नाही. फेब्रुवारीत ऑर्डर आली नाही, एवढंच. वृषालीनं टेबलाच्या खणातून आपली पट्टी, आपला डबा आणि आपली छत्री उचलली आणि माकणीची गाडी धरली. निरोप समारंभ वगैरे काही नव्हता. शिपायानं फाटकापर्यंत येऊन मान हलवली, तेवढीच.

गावात ती दहावीच्या पोरांना विज्ञान-गणित शिकवायला लागली. व्हरांड्यात पंधरा पोरं बसायची. लोकांनी पहिले दोन महिने सुमनबाईला विचारून विचारून भंडावलं की पोरगी कशी काय घरी. सुमनबाई प्रत्येकाला वेगळं कारण सांगायची. एकाला तब्येत, एकाला पगार, आणि एका जास्त खोचक बाईला म्हणाली, "तिला तुमची लई आठवण आली म्हणून आली."

ऑगस्टात एके दिवशी दुपारी फोन वाजला. सुमनबाई मुगाच्या शेंगा फोडत होती, वृषाली शेजारीच होती.

"वृषालीताई का? मी शंतनू."

"कोण शंतनू?" आवाज तिनं पहिल्या अक्षरालाच ओळखला होता.

"कॉलेजातला. तुम्ही... तुमच्याशी जरा काम होतं."

सात वर्षांनी मोठ्या बाईला तो पहिल्यांदाच तुम्ही म्हणत होता. वृषालीनं ते ऐकलं आणि आपलं बदलून टाकलं.

"बोल. काय अडलंय तुझं?"

मग त्यानं सांगितलं. नवी तीस चित्रं त्यानं एकट्यानं काढली होती, खोली गार करून. सरक मोजली, दुरुस्तही केली. सव्वीस चित्रांत दाणे गोल आले. चारांत पहिल्याहून जास्त लांब झाले. गुरुलिंग सरांनी कारण विचारलंय, कारण सापडत नाही. दीड महिना झाला. मुदत तर संपलीच होती, पंधरा दिवस वाढवून घेतलेत.

"चित्रं पाठव."

फोनवर चित्रं आली. वृषालीनं ती चारही बोटानं मोठी करून, दोन मिनिटं बघितली. कळलं. कडेच्या बाणावरून दिसत होतं, त्या चार चित्रांत सुई खालून वर गेलेली, आणि ह्यानं वरून खाली गेली असं धरून दुरुस्ती लावलेली. जिथं मागं ढकलायचं तिथं पुढं ढकललं. म्हणजे सरकलेलं होतं ते सरळ व्हायचं सोडून दुप्पट सरकलं. बाराखडीतली चूक. पण ज्यानं तीन वर्षं ड्रिफ्ट आहे हेच मानलं नाही, त्याला त्याची दिशा कशी कळावी.

तिनं फोन लावला. "कळलं मला."

"काय आहे?"

"सांगते. आधी मला सांग, आभाराच्या पानावर कुणाकुणाची नावं घातलीस?"

मग तिनंच मोजायला घेतलं.

"देवी असंल. आत्या असंल. आई-वडील, मित्र. शिपाई पण असंल."

"आहे शिपाई," तो म्हणाला. खोटं बोलायची सवय त्या दिवशी जरा कमी झालेली दिसली.

"माझं?"

"आत्या नाही म्हणेल."

"प्रबंध आत्याचा हाय का तुझा?"

"ताई, तुम्ही अडवणूक करताय."

"करते की. तीस पानांवर सही केली तेव्हा माझी नोकरी गेली. आता कागदावर लिहायचं, ड्रिफ्ट पहिल्यांदा कुणी दाखवलं आणि दुरुस्त कसं करायचं ते कुणाचं बघून शिकलास. आभाराच्या पानावर नको. चित्रांच्या प्रकरणात, पहिल्या परिच्छेदात. छापून, सही करून, फोटो पाठव. मग सांगते."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर चार दाणे लांबच हायत. तसेच पाठव. बारीक कोण वाचतंय."

त्यानं फोन ठेवला. धाडकन ठेवता येत असता तर धाडकन ठेवला असता. वृषालीनं शेंगा फोडायला घेतल्या.

तिसऱ्या दिवशी फोटो आला. पहिलाच परिच्छेद. यंत्र चालवणाऱ्या वृषाली राजपाल यांनी पहिल्या चित्रांतलं ड्रिफ्ट नमुना फिरवून दाखवण्याची पद्धत सुचवली, दुरुस्तीची रीत त्यांची. खाली शंतनूची सही. त्याखाली मार्गदर्शकाची सही, शामला मॅडमची. पेन इतकं दाबलेलं की फोटोतही कागद फाटल्यासारखा दिसत होता.

वृषालीनं ते दोनदा वाचलं. मग फोन लावला.

"सात, अकरा, एकोणीस आणि चोवीस. त्या चारांत सुई खालून वर गेलीय. दुरुस्तीची दिशा उलटी कर."

पलीकडं कीबोर्ड वाजला.

"गोल आले," तो म्हणाला.

"येणारच."

"एवढंच होतं?"

"एवढंच."

त्यानं उपकार मानले नाहीत, तिनं त्याची वाटही बघितली नाही. फोन बंद झाला. त्यानंतर त्या दोघांचं कधी बोलणं झालेलं नाही, आणि मॅडमचं तर नावच नको.

सुमनबाईनं सुपातून मान वर केली. "कामावर परत बोलावलंय व्हय?"

"न्हाय."

"मग एवढं गोड कशाला बोलत होतीस त्याच्यासंगं?"

"ह्याला गोड म्हणतीस व्हय आई? मग कॉलेजात म्या सर सर करत काय बोलत होते, ते तू ऐकलंच न्हाईस."